प्रल्हाद आख्यानावर भरलेलं इंग्रजी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि नंतर गैरसमज नको म्हणून आधीच सांगून टाकतो: तुमच्या इंग्रजीविषयी माझं मत फारसं चांगलं नव्हतं. बाई वर्गात आल्या की तुम्ही सगळे उभे राहून ‘गुड मॉर्निंग मॅऽऽम’ असा जो लांबलचक सूर काढता ना, तो ऐकून माझी फीत गुंतायची. देवळातली घंटासुद्धा याहून अर्थपूर्ण बोलते.

माझा जन्म कारखान्यात झाला. भिलाईत हे सांगायला लाज वाटत नाही. इथे ज्याचा कारखान्याशी संबंध नाही असं माणूस शोधावं लागतं. मला विकत घेतलं ते भैय्याजींनी. ते पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होते, कामगारांच्या हजेऱ्या लावायचे. मूळचे आर्वीकडचे. त्यांनी मला नागपूरहून आणलं, ते सगळा प्रवास मांडीवर घेऊन. बाजूची सीट रिकामी होती, पण तिच्यावर कोणी शेंगा खाऊन गेलं होतं.

मला आणण्याचं कारण एकच, कीर्तन. आमच्या वसाहतीच्या गणपतीत दरवर्षी जानरावबुवा यायचे. मंचाच्या कडेला, पेटीवाल्याच्या पायाशी, एका स्टुलावर मी बसायचो. बुवा आधी एक ओळ ठेवायचे. साधी, मुठीत मावेल अशी. ती मागच्यांकडून म्हणवून घ्यायचे. मग तिचा अर्थ सांगायचे, मग एखादी गोष्ट लावायचे. गोष्ट कितीही रानोमाळ हिंडली तरी शेवटी परत त्या ओळीवर येऊन बसायची. तोवर समोरच्या बायाबापड्यांना ती ओळ बुवांची न वाटता आपली वाटू लागलेली असायची. मित्रांनो, बोलणं म्हणतात ते याला. बाकी सगळी खरखर.

कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकचे दोन बारीक दात असतात, दोन बाजूंचे दोन. दात मोडला की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. आवाज भरायचं माझं लाल बटण खाली जातच नाही. कीर्तन भरून झालं की भैय्याजी पेचकसाने दात मोडायचे आणि म्हणायचे, “झालं. आता ब्रह्मदेवानं तरी पुसून दाखवावं.”

अशा एकोणीस कॅसेटी झाल्या. त्यातली लाडकी प्रल्हाद आख्यानाची. दरवर्षी होळीला, चौकात होळी पेटण्याआधी, भैय्याजी तिची दुसरी बाजू लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. बुवा गेले. त्यांचा तो आवाज माझ्याशिवाय कुठेच उरला नाही. मग घरात सीडी आली, मोबाइल आले. निवृत्तीनंतरच्या वैशाली नगरच्या घरात मला कपाटावर जागा मिळाली आणि विणलेलं एक झाकण, टोपी घातलेल्या म्हाताऱ्यासारखं. वर्षातून एक दिवस, होळीला, मला खाली काढायचे.

मला खऱ्या अर्थाने खाली काढलं कमलिनीने. ही भैय्याजींची मुलगी. हुडको वसाहतीच्या अलीकडच्या एका शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. लहानपणी ती माझ्या शेजारी बसून बुवांना ऐकत झोपी जायची, म्हणून मला तिच्याबद्दल आशा होती. तिने मला पिशवीत घातलं आणि थेट सातवीच्या वर्गात नेऊन ठेवलं; संध्याकाळी परत घरी आणायची. कीर्तनाच्या मंचावरून एकदम तुमच्यात. याला म्हणतात दिवस फिरणं.

त्या वर्गाच्या भिंतीवर एक पांढरा पडदा होता. त्याला हुशार बोर्ड म्हणत. त्याचा रिमोट ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली सुपरवायझर मॅडमच्या पर्समध्ये, आणि मॅडम मीटिंगमध्ये. असा तो हुशार. मोबाइलला शाळेत बंदी. म्हणून मुलांना स्वतःचा आवाज ऐकवायला कमलिनीने मला आणलं होतं.

पहिल्याच आठवड्यात तिने निबंध लिहायला दिला: ‘कारखान्याला भेट’. चव्वेचाळीस मुलं. त्यांतल्या तीसेक जणांचे वडील कारखान्यात. वह्या घरी आणून कमलिनी मोठ्याने वाचू लागली. पहिल्या वहीत लिहिलं होतं की आम्ही बिस्किटांच्या कारखान्यात गेलो, मॅनेजर अंकलनी हसून स्वागत केलं, कामगार स्वच्छ कपड्यांत आनंदाने काम करत होते, निघताना प्रत्येकाला बिस्किटांचा एकेक पुडा मिळाला. दुसऱ्या वहीत तेच. तिसऱ्या वहीत तेच. चव्वेचाळीस वह्या, चव्वेचाळीस पुडे, आणि हसणारा मॅनेजर एकच.

भैय्याजी पेपर खाली ठेवून म्हणाले, “हे बिस्किटाचं दुकान कोणाचं?”

“अरुणकुमार सरांचं, बाबा. नेहरू नगरात क्लास आहे त्यांचा, ‘साठ दिवसांत फाडफाड इंग्रजी’. त्यांच्या नोट्स आहेत ह्या.”

“आन् पोरं काय करून राहिली?”

“पोरं पाठ करून राहिली.”

“मग परीक्षा पोपटाची घ्या. त्याले पेरू तरी आवडते.”

मित्रांनो, मी बरेच आवाज साठवले आहेत, पण असा निर्जीव ऐवज कधी पाहिला नव्हता. ज्या पोराचा बाप संध्याकाळी काजळी लागलेल्या मानेने घरी येतो, ते पोर बिस्किटाच्या कारखान्यातले स्वच्छ कपडे वर्णन करतं, आणि आजवर त्याला वीसपैकी अठरा. माझ्यात जर रिकामी कॅसेट घातली तर ती निदान खरखर तरी स्वतःची करते.

कमलिनीने मग एक वेगळीच रीत सुरू केली. ऑफिसला सांगितली नाही. मुलांना म्हणाली, “पहले एक ओळ रखो. आपली स्वतःची. मग ती का खरी आहे ते सांगा. मग त्यावर एक गोष्ट लावा. आणि गोष्ट संपली की परत ओळीवर या.” एकाने ओळ टाकायची, वर्गाने मागे म्हणायची. मुलं हसली. मीही मनात हसलो. ही तर बुवांची तालीम, फक्त टाळ नाहीत आणि भाषा परकी. बुवांच्या मंचावरची विद्या हिने ह्या लुंग्यासुंग्यांना वाटावी, हे मला पटलं नाही. पण यंत्राला कोण विचारतं.

त्या वर्षी शाळेने एक फर्मान काढलं. सातवीच्या मुलांची तोंडी परीक्षा, दिलेल्या विषयावर पाच मिनिटं इंग्रजी. ज्याला येणार नाही त्याला आठवीत हिंदी शाखेत टाकायचं. परीक्षक बाहेरचा हवा, म्हणून बोलावलं कोणाला, तर अरुणकुमार सरांना. जो नोट्स विकतो तोच परीक्षा घेतो. देवानेच दक्षिणा गोळा करायला बसावं तसं. विषय: ‘कारखान्याला भेट’.

सर आले, नोट्स उघडून बसले. मुलं बोलायची आणि सर ओळीखालून बोट फिरवायचे. बोट थांबलं नाही की मार्क. त्रेचाळीस वेळा बोट सरकत गेलं. चव्वेचाळीसावी होती गुंजन.

गुंजन ही कारखान्यात कामाला असलेल्या देवाजींची मुलगी. शाळेत हिंदी बोलायची, घरी मराठी, आणि इंग्रजीत गप्प बसायची. ती उभी राहिली, तीन वाक्यं घडाघडा म्हणाली, आणि मॅनेजर अंकलपाशी येऊन अडली. सर बोट जागेवर ठेवून थांबले. म्हणाले, “आगे?” तिला पंधरा दिवसांनी एक संधी, नाहीतर हिंदी शाखा, असं लिहून सर चहाला गेले.

सुट्टीत कमलिनीने विचारलं, “तुला येत होतं ना गं? का थांबलीस?”

“मॅम, बिस्किट का कारखाना मैंने देखा नहीं.”

“मग काय पाहिलंस?”

“पापा के जूते,” गुंजन म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी देवाजी मुलीला घेऊन वैशाली नगरात आले. पहिल्या पाळीवरून सुटून, घरी जाऊन, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. हातात कापडी पिशवी. भैय्याजी देवळात हरिपाठाला गेले होते. देवाजी बसेनात, दारापाशीच उभे, आणि उभ्या उभ्या एक पाय उचल, दुसरा टेक, असं चाललेलं.

“बाई, मले इंग्रजी येत नाही,” ते म्हणाले. “आठवी नापास माणूस मी. पण हिले आलं पाहिजे. सायेब आला का मी मान खाली घालतो, कावून का त्यायचं बोलणं समजत नाही. हिची मान खाली नाही गेली पाहिजे. हिंदी शाखेत गेली तं जाईन, तेही शिक्षणच हाये. पण हरून नाही गेली पाहिजे.”

कमलिनी म्हणाली, “देवाजी भाऊ, तुम्ही काय काम करता ते सांगा.”

“त्यात काय सांगाचं, बाई?”

“तुमच्या बुटांचं सांगा.”

देवाजींनी मुलीकडे पाहिलं. मग पिशवीतून बूट काढले. जाड चामडं, आणि खाली रबर नाही, लाकूड. एकेक फळी. त्यांनी ते फरशीवर ठेवले. खट, खट. मी दचकलो. मित्रांनो, चिपळ्या अशाच वाजतात.

“कोक ओव्हनले हावो मी,” ते म्हणाले. “मोठमोठ्या भट्ट्या, त्यात कोळसा भाजते. आमी त्या भट्टीच्या छतावर चालतो. खाली आग, वर आमी…”

त्याच क्षणी कमलिनी माझ्याकडे धावली. मुलांच्या आवाजाच्या दोन्ही कॅसेटी भरलेल्या, आणि त्याही शाळेतच राहिलेल्या. नवीन मिळत नव्हत्या; हुडकोचा दुकानदार तिला म्हणाला होता, “मैडम, कैसेट? म्यूजियम में पूछो.” आणि माझ्या पोटात, होळी जवळ आली म्हणून भैय्याजींनी कालच घालून ठेवलेलं, प्रल्हाद आख्यान होतं. दुसरी बाजू.

तिने लाल बटण दाबलं. गेलं नाही. दात मोडलेला. तिने वह्यांना कव्हर घालायच्या चिकटपट्टीचा तुकडा तोडला, कॅसेट काढली, दाताच्या भोकावर लावला, कॅसेट परत घातली आणि लाल बटण व चालू करायचं बटण, दोन्ही एकदम दाबली. ब्रह्मदेवाला ही युक्ती ठाऊक नव्हती.

मी किती करकर केली म्हणून सांगू. एका बाजूला माझे बुवा, आणि त्यांच्यावर हा माणूस, ज्याला धड उभं राहता येत नाही. तिने थोडं थांबायचं, कागद घ्यायचा. पण तिला कागद नको होता. लिहिलं की त्याच्या नोट्स होतात, हे तिने वर्गात पाहिलं होतं. माझं चाक फिरू लागलं आणि बुवांचा आवाज माझ्याच हातून पुसला जाऊ लागला.

देवाजी सांगत होते. “रबराचा तळवा तिथं लोण्यावानी वितळते, म्हणून लाकडी. तरी बी एका जागी उभं नाही राहता येत. उभा राहिला का पाय पोळते. म्हणून आमी चालतच राहतो. बोलाचं असन तं चालता चालता बोलतो. झाकण उघडलं का जाळ माणसापेक्षा उंच येते. घरी हिची माय भागीरथा म्हणते, तुमी झोपेत बी पाय हालवता. पयल्या दिवशी मले वाटलं, पळून जावं. दुसऱ्या दिवशी बी वाटलं. रोजच वाटे. मग गुंजन झाली.”

इतकं बोलून ते थांबले. बारा मिनिटं झाली होती. गुंजन बुटांकडे पाहत होती.

पुढचे दहा-बारा दिवस ती रोज संध्याकाळी यायची, भैय्याजी देवळात असताना. कमलिनी मला सुरू करायची. बापाचं एक वाक्य ऐकायचं, बटण बंद, आणि गुंजनने ते आपल्या इंग्रजीत सांगायचं. सुरुवातीला ती छताला अडायची, जाळाला अडायची. कमलिनी शब्द सांगायची नाही. म्हणायची, “पुन्हा ऐक. पापा काय म्हणून राहिले ते सांग, शब्द त्याच्या मागे येतील.” मी मागे जायचो, पुढे यायचो. माझं फीत वाचणारं हेड झिजत होतं. सांगतो ते खरं: तोवरही मला त्या पोरीची दया नव्हती. मला बुवांची चिंता होती. होळी जवळ येत होती.

आणि एका संध्याकाळी ती ओळ आली. तिने स्वतः ठेवली. माय फादर वॉक्स ऑन फायर इन वुडन शूज. माझे बाबा लाकडी बूट घालून आगीवर चालतात. मुठीत मावेल अशी.

होळीच्या दोन दिवस आधी परीक्षा. कमलिनीने हट्ट धरला की ती वर्गासमोरच व्हावी. अरुणकुमार सर आले, नोट्स उघडल्या, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. मी टेबलावर, माझ्या पोटात तीच कॅसेट, देवाजींचं बोलणं संपलं तिथून पुढे लावलेली, आणि लाल बटण खाली. गुंजनने पिशवीतून बूट काढले आणि माझ्या शेजारी ठेवले. खट, खट. सर मागे सरकले.

तिने ओळ टाकली. वर्गाने मागे म्हटली, सवयीने, कोणी न सांगता. सरांचं बोट पानावर फिरू लागलं. वर गेलं, खाली आलं, पान उलटलं. “यह कौन से पेज पर है?” त्यांनी कमलिनीला हळूच विचारलं. मित्रांनो, माणसाच्या पायाखालची आग हा मनुष्य पानावर शोधत होता.

गुंजन बोलत गेली. चुकत होती. काळ चुकले, एकदोन ठिकाणी हिंदी घुसली. पण ती बापाच्या मागे मागे छतावर चालत होती, आणि दर दोन-चार वाक्यांनी बुटावर बूट वाजवून ओळीवर परत येत होती, आणि चव्वेचाळीसातली त्रेचाळीस पोरं तिच्या मागे. ज्यांचे बाप कारखान्यात, ती जरा मोठ्यानेच. पळून जावंसं वाटलं, हे सांगितलं. दुसऱ्या दिवशीही वाटलं, हे सांगितलं. मग म्हणाली, देन आय वॉज बॉर्न. मग मी जन्मले. आणि थांबली.

सर घसा साफ करून म्हणाले, “ठीक है बेटा. लेकिन इसमें मैनेजर अंकल कहाँ हैं?”

साठ दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणारा माणूस हिंदीत विचारत होता. आणि ज्या मुलीला तो बाहेर काढायला आला होता, ती त्याला, कुठेही पाठ न केलेल्या इंग्रजीत म्हणाली, “ही डज नॉट कम अप देअर, सर.” ते वर येत नाहीत.

वीसपैकी अकरा मिळाले. दहाला पास. शेरा: नोट्सप्रमाणे नाही. सर्कशीतल्या वाघाने गवत खाल्लं नाही म्हणून मार्क कापावेत, तसा तो शेरा. पण अकरा म्हणजे आठवीत इंग्रजी शाखा. दाराबाहेर देवाजी उभे होते, एक पाय उचलत, दुसरा टेकत. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी बूट मुलीच्या हातून घेतले नाहीत. घरापर्यंत तिनेच नेले.

कमलिनी मात्र हसली नाही. दोन दिवसांवर होळी होती.

होळीच्या संध्याकाळी चौकात लाकडं रचलेली होती. भैय्याजी धोतर नेसून माझ्यासमोर बसले. कमलिनी म्हणाली, “बाबा, थांबा. मी काही सांगते.”

“आख्यान झाल्यावर सांग, कमल.” त्यांनी बटण दाबलं.

बुवांच्या जागी देवाजी बोलू लागले. रबराचा तळवा तिथं लोण्यावानी वितळते. भैय्याजींनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं. ते रागावतील, मला आपटतील, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, आपटलं असतं तरी चाललं असतं. माझ्या हातून घडलेलं पाप ते. पण त्यांनी बटण बंद केलं नाही. देवाजी संपले. मग वर्ग, मग बूट, मग गुंजनची ओळ आणि तिच्यामागे त्रेचाळीस पोरं. भैय्याजींना इंग्रजी कळत होतं, ऑफिसपुरतं. ते पुढे वाकून ऐकत होते.

“ही पोरगी कोणाची?”

“देवाजी भाऊंची. कोक ओव्हनचे.”

“चौतीस वर्षं टाइम ऑफिसात यांच्या हजेऱ्या लावल्या मी,” भैय्याजी म्हणाले. “पाच मिनिटं उशीर झाला तर लाल शाई. बूट नाही पाहिले कधी.”

तेवढ्यात गुंजनचा आवाज आला, देन आय वॉज बॉर्न, मग सरांचा प्रश्न, मग तिचं उत्तर, आणि कमलिनीने त्या दिवशी माझं बटण वर उचललं तो खटका. त्यापुढची फीत पुसलेली नव्हती. खटका संपला न संपला तोच जानरावबुवा बोलले, त्याच भरल्या आवाजात, “…आणि तो अग्नी त्याला शीतळ झाला हो. बोला, पुंडलिक वरदे…” आणि वसाहतीची सगळी माणसं, निम्मी आता हयात नसलेली, एका सुरात म्हणाली, “हरि विठ्ठल.”

मित्रांनो, त्या क्षणी माझा सगळा ताठा गळाला. इतकी वर्षं मी ज्या भाषेला खरखर म्हणत आलो, तिच्यामागे बुवांनी स्वतः जयजयकार केला. मी मध्ये होतो, मला वाटत होतं मी मालक आहे. यंत्रं अशीच असतात, आणि परीक्षकही.

भैय्याजींनी बटण बंद केलं. मग म्हणाले, “तिथं बाप पोराला आगीत टाकते. इथं पोरीसाठी बाप आगीवर चालते. बुवांनी ऐकलं असतं तर पुढच्या वर्षी हेच लावलं असतं.”

“बाबा, अर्ध्याहून जास्त आख्यान गेलं,” कमलिनी म्हणाली.

“गेलं. तेवढं मले पाठ आहे. हे पाठ नाही.” त्यांनी कॅसेट बाहेर काढली, चष्मा वर केला, आणि पाठीवरच्या भोकावरची चिकटपट्टी नखाने खरवडून खरवडून काढली. ती बोटाला चिकटली, ती त्यांनी कागदाला पुसली आणि तो कागद जाताना होळीत टाकायला बरोबर घेतला.

आता मी पुन्हा कपाटावर आहे, पण विणलेलं झाकण काढलेलं आहे. महिन्यातून एकदा कापसाला स्पिरिट लावून माझं हेड पुसा, एवढंच माझं मागणं. तुमच्या नोट्स, तुमचे बिस्किटांचे पुडे, हुशार पडदे, माझ्या वाटेला आणू नका. मला त्यांचा वीट आहे आणि तो जाणार नाही. पण तुमच्या घरी कोणी पायात काय घालून कुठे चालतं, हे एकदा विचारा, आणि ज्या भाषेत जमेल त्या भाषेत सांगा, चुकत सांगितलंत तरी चालेल. आणि गुंजनची कॅसेट कधी हातात आली तर सांभाळून धरा. त्या भोकावर पुन्हा कोणी पट्टी लावू नका.